काळी बुरशी : तिची ओळख आणि तिच्यापासून बचाव

संत्र्याच्या बागांवर ज्यांचे घर चालते, त्या पांढुर्णा आणि सौंसर भागातील कुटुंबांना बुरशी म्हणजे काय हे नव्याने सांगावयास नको. तोडलेल्या फळांच्या ढिगात एखाद्या संत्र्याच्या सालीस नख लागलेले असते, एखादे फांदीवरून खाली आपटलेले असते. दोन-चार दिवसांत नेमक्या त्याच जागी पांढरा कापूस उगवल्यासारखा दिसू लागतो आणि त्यावर हिरवी किंवा निळसर भुकटी चढते. धड सालीची फळे त्या मानाने पुष्कळ दिवस टिकतात. बुरशीचे कण सर्वच फळांवर पडलेले असताना एकच फळ आधी का सडावे? शत्रू सर्वत्र होता, परंतु दार त्यास तेवढे एकच उघडे सापडले, हेच त्याचे कारण होय.

मनुष्याच्या देहाचीही गोष्ट बरीचशी अशीच आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी ज्या रोगाच्या नावाने सारा देश हादरला, त्या काळ्या बुरशीची हकीकत आज आम्ही वाचकांपुढे मांडणार आहोत. महामारी ओसरली, वर्तमानपत्रांतील मथळेही मागे पडले; परंतु तो रोग गेलेला नाही. तो कोविडच्या आधीही होता आणि आजही आहे. म्हणूनच शांत वेळी त्याची नीट ओळख करून घेणे शहाणपणाचे ठरेल.

बुरशी ही सर्वस्वी वैरीण नव्हे

बुरशीचे प्रकार हजारो आहेत आणि त्यांतील बहुतेक आपले काहीच वाईट करीत नाहीत. पाव फुगविणारे यीस्ट ही बुरशीच होय. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना ज्या बुरशीने पेनिसिलीनचा मार्ग दाखविला, ती संत्र्यावरील हिरव्या-निळ्या बुरशीच्याच गोत्यातील. शेतात पडलेला पालापाचोळा कुजवून त्याचे खत करणे हे देखील मोठ्या अंशी बुरशीचेच काम. ती नसती तर आपली शेते केरकचऱ्याने भरून गेली असती.

आपण ज्या रोगाविषयी बोलत आहोत तो म्युकर नावाच्या वर्गातील बुरशांमुळे होतो. वैद्यकात त्यास म्युकरमायकोसिस म्हणतात. शिळ्या पावावर चार दिवसांत जो राखी कापूस चढतो, तो बहुधा याच घराण्यातील असतो. ओली माती, शेणखत, कुजलेली पाने, सडलेली फळे, ही यांची राहण्याची ठिकाणे. त्यांचे अतिसूक्ष्म बीजाणू वाऱ्याबरोबर उडतात आणि आपण सर्वजण श्वासावाटे ते रोज आत घेतो. शेतकरी घेतो, शाळेतील मूल घेते, शहरातला कारकूनही घेतो. तरी आपण आजारी पडत नाही. याचे कारण असे की, नाकाच्या आतील ओलसर अस्तर हे कण अडविते, आणि जे आत शिरतात त्यांना रक्तातील पांढऱ्या पेशी गाठून मारून टाकतात. ही राखण रात्रंदिवस चालते आणि आपणास तिचा पत्ताही नसतो.

या रोगाचे माणसातील पहिले शास्त्रीय वर्णन १८८५ साली आर्नोल्ड पाल्टाउफ या वैद्याने केले. म्हणजे हा रोग वैद्यकास सव्वाशे वर्षांहून अधिक काळ परिचित आहे. सामान्य माणसास मात्र तो ठाऊक नव्हता, कारण तो क्वचितच होई.

राखणदार केव्हा दुबळा होतो?

ज्याच्या शरीरातील राखण ढिली पडली त्यालाच ही बुरशी बहुधा गाठते. रक्ताचा कर्करोग झालेले, कर्करोगावरील जहाल औषधे चालू असलेले, मूत्रपिंड किंवा अन्य अवयव बसविलेले रुग्ण यांत येतात. वारंवार रक्त भरावे लागल्याने ज्यांच्या देहात लोह साठते, त्यांच्यापैकी काहींनाही धोका असतो. परंतु आपल्या देशात या सर्वांहून मोठे कारण एकच आहे, आणि ते घरोघरी आहे. ते म्हणजे ताब्यात नसलेला मधुमेह.

रक्तातील साखर फार वाढली की पांढऱ्या पेशी सुस्त होतात. शत्रूकडे धावून जाण्याची आणि त्यास मारण्याची त्यांची शक्ती घटते. त्यातच साखरेने आणखी टोक गाठले व रक्तात आम्ल साठू लागले, तर रक्तातील प्रथिनांनी धरून ठेवलेले लोह सुटे होते. या बुरशीस वाढण्यासाठी लोह हवे असते आणि साखरही हवी असते. अशा रुग्णाच्या देहात तिला दोन्ही आयतेच मिळते. पहारेकरी झोपलेला आणि कोठार उघडे, अशी ती अवस्था होय.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात मधुमेहाच्या रुग्णांची संख्या सुमारे १० कोटी आहे, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले सुमारे १३ कोटी आहेत. यांतील कितीतरी जणांस आपणास साखरेचा विकार आहे याची कल्पनाही नसते. हा शहरी, बैठ्या लोकांचा आजार आहे, शेतात राबणाऱ्यास तो होत नाही, अशी समजूत खेड्यांतून अजून आढळते. ती खरी नाही.

तिला काळी का म्हणतात?

खरे पाहता ही बुरशी काळी नाही. ती नाकाच्या अस्तरातून आत शिरते आणि तेथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती फोडते. रक्तवाहिनीत गुठळी होते, रक्ताचा पुरवठा तुटतो आणि पुढचे मांस मरून काळे पडते. पाणी तोडलेल्या वाफ्यातील रोप जसे वाळून काळे पडते तसेच. मेलेल्या मांसात रक्त पोहोचत नाही, म्हणून तेथे औषधही पोहोचत नाही. या रोगात नुसत्या इंजेक्शनाने का भागत नाही आणि शस्त्रक्रिया का करावी लागते, याचे उत्तर यातच आहे.

नाकापासून ती गालाच्या हाडामागील पोकळ्यांत, तेथून टाळूत, डोळ्याच्या खोबणीत आणि शेवटी मेंदूत जाऊ शकते. हा प्रवास कधी कधी थोड्याच दिवसांत पुरा होतो. काही रुग्णांत ती फुप्फुसात शिरते. खोल जखमेत माती गेल्यास त्वचेतही ती वाढते. अमेरिकेत मिसुरी राज्यातील जॉप्लिन गावावर मे २०११ मध्ये भयंकर चक्रीवादळ आले. त्यात जखमी झालेल्या लोकांपैकी १३ जणांस जखमांतून या वर्गातील बुरशीची लागण झाली आणि त्यांतील ५ दगावले. शेतात काम करणाऱ्याने मातीने भरलेली खोल जखम स्वच्छ पाण्याने धुवून त्याच दिवशी दवाखान्यात दाखवावी, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

२०२१ चा तो उन्हाळा

कोविडची पहिली लाट आली तेव्हाच या रोगाची चाहूल लागली होती. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात देशातील १६ रुग्णालयांनी मिळून केलेल्या पाहणीत कोविडनंतर म्युकरमायकोसिस झालेले १८७ रुग्ण आढळले. मग एप्रिल-मे २०२१ मध्ये दुसरी लाट उसळली आणि तिच्या मागोमाग ही बुरशी आली. २० मे २०२१ रोजी केंद्र सरकारने राज्यांना कळविले की, हा रोग १८९७ च्या साथरोग कायद्याखाली नोंदणीस पात्र ठरवावा. त्या वर्षीच्या जुलैपर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि ४,३०० हून अधिक लोक मरण पावले. महाराष्ट्र व गुजरात या दोन राज्यांत रुग्ण सर्वाधिक होते.

असे का घडले? कोविडमध्ये प्राणवायू लावाव्या लागलेल्या रुग्णांचे प्राण डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने वाचतात, हे जून २०२० मध्ये इंग्लंडमधील मोठ्या चाचणीने दाखवून दिले. ते औषध खरोखरच उपकारक होते. परंतु त्याच चाचणीने हेही सांगितले होते की, ज्यांना प्राणवायूची गरज नाही त्यांस त्याचा लाभ होत नाही. प्रमाणही ठरलेले होते : दिवसास ६ मिलिग्रॅम आणि फार तर १० दिवस. आपल्याकडे भीतीच्या त्या दिवसांत पुष्कळांनी साध्या तापातही या गोळ्या घेतल्या. कोणी एकाच चिठ्ठीवर घरातील चौघांसाठी आणल्या, तर कोणी दहाऐवजी वीस दिवस चालू ठेवल्या. स्टेरॉइड शरीराची प्रतिकारशक्ती दाबते आणि साखर वाढविते. मधुमेह्याच्या बाबतीत ही दोन्ही संकटे एकदमच कोसळली. प्राणवायूच्या नळ्या, मास्क, जस्ताच्या गोळ्या यांवरही पुष्कळांनी बोट ठेवले. त्यांविषयी भक्कम पुरावा पुढे आला नाही. साखर आणि स्टेरॉइड ही दोन नावे मात्र रुग्णांच्या कागदांवर पुनःपुन्हा दिसत राहिली.

सीमेवरच्या माणसाची अडचण

पांढुर्णा आणि सौंसर हे मराठी बोलणारे तालुके. १९५६ पर्यंत नागपूर हीच जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर एका राज्यात गेले आणि हे दोन तालुके दुसऱ्यात राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा निघून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. तरी मोठे दुखणे आले की येथील माणसाची पावले आजही नागपुराकडेच वळतात. रस्ता सरळ आहे, भाषा आपली आहे, आणि नाक-कान-घसा, डोळे, जबडा व मेंदू यांचे तज्ज्ञ एकाच शहरात भेटतात. काळ्या बुरशीच्या रोग्यास या सर्वांचीच गरज पडते.

परंतु राज्याची सीमा औषधाच्या खर्चात आडवी येते. मे २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने आपल्या जन आरोग्य योजनेत या रोगाचा उपचार विनामूल्य केला. ती सवलत महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी होती. सीमेपलीकडील कुटुंबास आधार आहे तो आयुष्मान भारत योजनेच्या कार्डाचा. पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार देणारे हे कार्ड योजनेत नोंदलेल्या रुग्णालयांत परराज्यातही चालते. २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व वृद्धांस, उत्पन्न कितीही असो, ते मिळू शकते. आमची विनंती आहे की, हे कार्ड आजारपण आल्यावर नव्हे, तर आजच काढून ठेवावे, आणि नागपूरचे कोणते रुग्णालय त्यात नोंदलेले आहे याचीही आधीच चौकशी करावी.

खर्चाचा आकडा ऐकल्यास हे आम्ही आग्रहाने का सांगतो ते कळेल. या रोगावरील मुख्य औषध अॅम्फोटेरिसिन-बी. व्हेनेझुएला देशातील ओरिनोको नदीकाठच्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून ते १९५० नंतरच्या दशकात मिळविण्यात आले. त्याचे जुने रूप स्वस्त आहे, परंतु मूत्रपिंडास त्रासदायक आहे. नव्या लायपोसोमल रूपाचा त्रास कमी, पण किंमत जबर. दर किलो वजनास रोज ५ मिलिग्रॅम या सर्वसाधारण प्रमाणाने ५० किलो वजनाच्या माणसास रोज २५० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या ५ कुप्या लागतात. दोन आठवड्यांत ७० कुप्या झाल्या, आणि उपचार कित्येकदा त्याहूनही लांबतो. २०२१ च्या त्या उन्हाळ्यात एकेका कुपीस हजारो रुपये पडत, आणि पैसे हाती असूनही ती मिळत नसे. त्या मे महिन्याच्या अखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेस या कारखान्यात हे औषध तयार होऊ लागले आणि त्याची किंमत १,२०० रुपयांच्या आसपास जाहीर झाली, तेव्हा विदर्भास हायसे वाटले. जूनमध्ये या औषधावरील जीएसटी काही काळापुरता माफ करण्यात आला.

ही लक्षणे लक्षात ठेवा

या रोगात सर्वांत मोलाची वस्तू कोणती असेल तर ती वेळ होय. २००८ साली अमेरिकेतून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्ताच्या कर्करोगाच्या ज्या रुग्णांस ही बुरशी झाली होती, त्यांपैकी ज्यांचे योग्य औषध निदानानंतर ६ दिवस वा त्याहून उशिरा सुरू झाले, त्यांतील सुमारे ८३ टक्के बारा आठवड्यांत मरण पावले. ज्यांचे औषध लवकर सुरू झाले त्यांत हे प्रमाण सुमारे ४९ टक्के होते. सहा दिवस म्हणजे एका आठवडी बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंतचाही काळ नव्हे! तेवढ्याने हा फरक पडला.

म्हणून मधुमेही, कर्करोगाचा रुग्ण, अवयव बसविलेला रुग्ण किंवा स्टेरॉइड घेणारा मनुष्य ज्या घरात असेल, तेथे पुढील खुणा सर्वांस ठाऊक असाव्यात. नाक एकाच बाजूने चोंदणे, त्यातून काळपट किंवा रक्तमिश्रित शेंबूड येणे. गालाचे हाड दुखणे, चेहऱ्याची एक बाजू सुजणे वा बधिर होणे. डोळ्याभोवती सूज, पापणी खाली उतरणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे किंवा नजर अंधूक होणे. वरचे दात विनाकारण दुखणे वा हलू लागणे. टाळूवर काळा डाग दिसणे. आणि या सर्वांबरोबर ताप व डोकेदुखी. प्रत्येक सर्दी काही काळी बुरशी नव्हे, आणि निरोगी माणसाने नाक चोंदले म्हणून घाबरून जाऊ नये. परंतु वर सांगितलेल्या रुग्णांपैकी कोणास यांतील एकही खूण दिसली, तर दोन दिवस वाट पाहू, वाफ घेऊ, दात काढून टाकू, असे म्हणत बसू नये. त्याच दिवशी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जावे आणि साखरेचा विकार आहे किंवा स्टेरॉइड चालू आहे हे आपणहून सांगावे. डॉक्टर दुर्बिणीने नाक तपासतात, मांसाचा कण काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि सीटी किंवा एमआरआय काढून बुरशी कोठवर पोहोचली ते ठरवितात.

उपचाराचे तीन पाय आहेत : मेलेले मांस शस्त्रक्रियेने काढणे, बुरशीवरील औषध देणे आणि साखर ताब्यात आणणे. यांतील एकही लंगडा राहिला तर भागत नाही. डोळा काढण्याचा सल्ला ऐकून पुष्कळ कुटुंबे रुग्णास घेऊन घरी परततात. आम्ही त्यांचे दुःख समजू शकतो. परंतु डॉक्टर तो सल्ला देतात तो बुरशी मेंदूत जाऊ नये म्हणून, हे ध्यानी घ्यावे.

घरी काय करावे?

पहिली गोष्ट, साखर तपासावी. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची साखर व रक्तदाब तपासण्याची सोय सरकारी आरोग्य केंद्रांतून केलेली आहे. गोळ्या किंवा इन्सुलिन बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये. लग्नसराईत, प्रवासात वा सुगीच्या धांदलीत औषधाचा खाडा होतो आणि तेथूनच घसरण सुरू होते.

दुसरी गोष्ट, ताकदीचे इंजेक्शन, गुडघेदुखीची पुडी, दम्याची हमखास गोळी असे सांगून जे दिले जाते त्यात काय आहे ते विचारावे. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ते घेऊ नये. मात्र ज्यांस डॉक्टरांनी दीर्घ काळ स्टेरॉइड दिले आहे त्यांनी हा लेख वाचून ते एकाएकी बंदही करू नये. त्यातही जिवास धोका आहे. जे करावयाचे ते डॉक्टरांस विचारूनच.

तिसरी गोष्ट, ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण झाली आहे त्यांनी शेणखत भरणे, कुजलेला पाला उपसणे, सडलेली फळे निवडणे ही कामे दुसऱ्यांवर सोपवावी. करणे भागच असेल तर नाकातोंडावर मास्क बांधावा, हातमोजे व पायांत बूट घालावे.

चौथी गोष्ट शेजाऱ्यांसाठी आहे. हा रोग एकापासून दुसऱ्यास होत नाही. रुग्णाच्या ताटात जेवल्याने नाही, त्याच्या खाटेशेजारी बसल्याने नाही, त्याची शुश्रूषा केल्यानेही नाही. या रोगातून वाचलेल्या कित्येकांचा डोळा गेला आहे, कित्येकांची टाळू व जबडा गेला आहे. टाळूस पट्टी बसविल्यावाचून त्यांस नीट बोलता येत नाही आणि पाणी प्यायले तर नाकातून येते. अशी माणसे लाजेने चारचौघांत येईनाशी होतात. डोळ्यावर पट्टी बांधलेला कोणी ओट्यावर दिसला, तर मुलांस दूर ओढू नये. त्याच्यापाशी बसावे, चहा एकत्र घ्यावा. टाळूची पट्टी, कृत्रिम डोळा, जबड्याची पुनर्रचना या सोयी आज उपलब्ध आहेत. त्यांसाठी त्यास नागपुरास नेणारा एक सोबती मिळाला तरी त्याचे अर्धे ओझे उतरेल.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये माणसास घातक ठरणाऱ्या बुरशांची पहिली यादी प्रसिद्ध केली, आणि म्युकर वर्गास तीत वरच्या गटात स्थान दिले. जगाने या शत्रूची दखल घेतली आहे. तो आपल्या मातीतून हद्दपार व्हावयाचा नाही, कारण त्याच मातीवर आपली बाग उभी आहे. आपल्या हाती आहे ते साल शाबूत ठेवणे. घरातील वडीलधाऱ्या माणसाची साखर शेवटची केव्हा तपासली, हे वाचकांनी आज रात्री जेवणाच्या वेळी एकमेकांस विचारावे. कोणास आठवत नसेल, तर उद्या सकाळी बागेत जाण्यापूर्वी त्यांस दवाखान्यात न्यावे.